आजारी मांजराच्या घरी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काळपट दगडाची एक शिळा आहे. उंची साडेत्र्याऐंशी सेंटिमीटर. इजिप्तचा शेवटचा देशी राजा नेक्टानेबो दुसरा याच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सनापूर्वी ३६० ते ३४३ या काळात ती घडवली गेली. १८२८ साली ती अलेक्झांड्रियात सापडली आणि मुहम्मद अली पाशाने ती ऑस्ट्रियाच्या मेटर्निखला भेट दिली, म्हणून तिचं नाव मेटर्निख शिळा. मधोमध बाल होरस मगरींवर उभा आहे, मुठींत साप आणि विंचू धरून. बाकीची शिळा पुढून, मागून, कडांवरून बारीक चित्रलिपीने भरलेली. हे सगळे विषबाधेवरचे मंत्र. शिळेवर पाणी ओतायचं, अक्षरांवरून ओघळलेलं पाणी गोळा करायचं आणि दंश झालेल्याला पाजायचं, अशी रीत होती.

त्यातला एक मंत्र मांजरीसाठी आहे. निर्जन वाटेवर तिला विंचू चावला आहे, विष अंगात भिनतं आहे. मंत्र म्हणणारा सूर्यदेव रा याला हाक मारतो की तुझ्या लेकीकडे धाव. मग तो मंत्र तिच्या अंगावरून हात फिरवावा तसा पुढे सरकतो. डोकं राचं, नाक थोथचं, हृदय प्ताहचं, पोट ओसायरिसचं. मान, छाती, मांड्या, पावलं, काहीच सुटत नाही. प्रत्येक अवयवाला एकेक देव नेमून दिला, की विषाला थारा उरत नाही. ही मांजर देवकन्या आहे, साधी घरची मनी नव्हे, हे खरं. तिच्या नावाने माणसांवरही उतारा होत असणार. तरीही तेवीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी आजारी मांजरीच्या नाकापासून पावलांपर्यंत इतकं लक्ष देऊन प्रार्थना रचली आणि ती दगडात कोरून ठेवावीशी वाटली.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी इजिप्तविषयी लिहिताना हिरोडोटस सांगतो, की घरातलं मांजर आपल्या मरणाने गेलं तर घरातली सगळी माणसं भुवया भादरून टाकत. म्हणजे दुःख थेट तोंडावर दिसे. रस्त्यात भेटणाऱ्याला विचारावं लागत नसे, आणि दुःख करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नसे.

आपल्याकडे काय आहे? मांजर आडवं गेलं तर क्षणभर थांबायची चाल आहे. मांजर मारण्याचं पाप फार मोठं, ते फेडायला सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं, असं आज्या सांगत; मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही त्यासाठी प्रायश्चित्त आहे. वाघाची मावशी म्हणून नातं जोडलेलं आहे. बंगालात मुलांचं रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचं ते वाहन. पण मांजर आजारी पडलं तर त्या घरच्या माणसाशी काय बोलायचं, याची चाल मात्र आपल्याकडे नाही. माणूस आजारी असला की शहाळं घेऊन जायचं, नको नको म्हणत चहा घ्यायचा, निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणायचं, हे सगळं पाठ आहे. मांजराच्या आजारपणापाशी जीभ अडखळते आणि तोंडातून निघून जातं, ‘अहो, मांजरच तर आहे.’

हे वाक्य दुष्टपणाने म्हटलेलं नसतं. समोरच्याचं ओझं हलकं करायला जातो आपण, आणि उलटं त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवतो. आता त्याला मांजराच्या काळजीबरोबर आपली काळजी लपवायचीही आहे. शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशाच दुःखांवर एक पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाला समाजाची मान्यता नाही, ज्यासाठी कुणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही, विधी नाही, अशी दुःखं. घटस्फोटित जोडीदार वारल्याचं दुःख त्यात येतं, पोटातलं मूल गेल्याचं येतं आणि पाळलेल्या प्राण्याचंही. मांजराला सलाईन लावायला नेताना ऑफिसात ‘घरी जरा प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगून निघालेली माणसं आपल्या आसपास पुष्कळ असतात. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण त्यांच्या भुवया शाबूत असतात.

त्या घरात नेमकं काय चालतं हे ठाऊक असलं की बोलणं आपोआप सुधारतं. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो. अशा मांजराला घरच्या घरी कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टर शिकवतात. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई आत सरकवायची, पिशवी खिडकीच्या गजाला टांगायची. सुई पलीकडून बाहेर आली तर पाणी केसांवरून ओघळतं आणि पुन्हा पहिल्यापासून. गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजने गालाच्या आतून द्यावी, तर निम्मी शर्टवर. जेवणाच्या वाटीत किती उरलं ते पाहायचं, लिटरच्या पेटीत किती गोळे झाले ते मोजायचं. रात्री मोबाइलच्या उजेडात पोटाचं वरखाली होणं पाहायचं. झोपलेलं निरोगी मांजर मिनिटाला साधारण ३०पेक्षा कमी श्वास घेतं, हा आकडा अशा घरात सगळ्यांना पाठ झालेला असतो. ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये कुत्री-मांजरं पाळणाऱ्या २३८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या घरी प्राणी जुनाट किंवा असाध्य आजाराने आजारी, निम्म्यांच्या घरी ठणठणीत. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यावर किती भार आहे हे मोजणारी प्रश्नावली त्यांनी थोडी बदलून वापरली. पहिल्या गटात भार, ताण, चिंता, खिन्नता सगळंच जास्त निघालं. मांजराची शुश्रूषा ही शुश्रूषाच असते, एवढं तरी त्यावरून मान्य करायला हरकत नाही.

आता बोलायचं काय? पर्ड्यू विद्यापीठातले ब्रँट बर्लसन यांनी दिलासा देणाऱ्या वाक्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी अशा वाक्यांच्या तीन पायऱ्या मानल्या. सर्वांत खालची, समोरच्याची भावनाच नाकारणारी. मधली, भावना मान्य करून लगेच झाकून टाकणारी. वरची, भावनेला जागा देणारी आणि तिच्याबद्दल आणखी बोलायला लावणारी. आपल्या भाषेत हे फार चटकन ओळखू येतं. ‘रडून काय होणार? माझ्या ओळखीत पिल्लं आहेत, एक आणून देतो,’ ही तळची पायरी. देणाऱ्याला उदार वाटते आणि घेणाऱ्याला थप्पड. ‘ऐकून वाईट वाटलं गं. पण सोळा वर्षं जगली, भरपूर झालं,’ ही मधली. त्यातला ‘पण’ पहिलं वाक्य खाऊन टाकतो. ‘सोळा वर्षं उशाशी झोपणारी ती, आता दवाखान्यात आहे म्हटल्यावर घर खायला उठत असेल. काल नेमकं काय झालं, सांग ना,’ ही वरची. या तिसऱ्या वाक्यात काही तत्त्वज्ञान नाही. फक्त त्या मांजरीची एक सवय आठवून ठेवलेली आहे आणि शेवटी एक प्रश्न आहे. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

‘ऋणानुबंध होता’, ‘तिचं तेवढंच आयुष्य’, ‘देवाची इच्छा’, ही आपली ठेवणीतली वाक्यं. ती खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. कित्येकांना त्यांचाच आधार असतो. मात्र ती ज्याची मांजर आहे त्याने उच्चारायची. त्याने म्हटलं तर मान हलवावी. आपण होऊन म्हणू नये, आणि मांजर अजून जिवंत असताना तर मुळीच नाही.

कुणी कुणाकडे रडावं याचाही एक सोपा हिशेब सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये मांडला होता. आजाऱ्याभोवती वर्तुळं काढा. सर्वांत आतल्या वर्तुळात स्वतः आजारी, मग घरचे, मग मित्र, मग ओळखीचे. आतल्या दिशेने फक्त धीर जाईल, गाऱ्हाणं बाहेरच्या दिशेने. मांजराच्या बाबतीत मधल्या वर्तुळातला रुग्ण काही बोलत नाही, त्यामुळे त्याच्या लगेच बाहेरची व्यक्ती, म्हणजे रोज औषध देणारी, हीच मध्य धरायची. शेजारच्या काकूंची मनी आजारी असेल तर आपला बोका पाच वर्षांपूर्वी कसा तडफडून गेला, ही कहाणी काकूंना सांगायची नाही. ती आपल्या बायकोला सांगावी, नाहीतर भावाला. गंमत अशी की मांजरवाल्यांना हाच मोह सर्वांत अनावर असतो.

मग विचारायचं काय? ‘कशी आहे मनी?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दिवसात पंधरा जण विचारतात आणि उत्तर देणाऱ्याला प्रत्येक वेळी सगळ्या आजाराचा निकाल लावावा लागतो. त्यापेक्षा छोटा प्रश्न बरा. सकाळी काही खाल्लं का? लघवी झाली का? खिडकीत जाऊन बसली का आज? याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं, आणि विचारणाऱ्याला गोष्ट नीट माहीत आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. इथे ती जुनी शिळा पुन्हा आठवते. अंगभर फिरणारी नजर, हाच त्या मंत्राचा गाभा आहे. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिची रीत याहून फार वेगळी नाही. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिश्या, डोकं, अशा पाच जागा पाहायच्या. कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळले आहेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंड ताठरलं आहे का, मिश्या सरळ ताणल्या आहेत का, डोकं खांद्याच्या रेषेखाली झुकलं आहे का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा त्याहून जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे याचा फार उपयोग होतो. घुरघुरण्यावर मात्र विसंबू नये. सुखात घुरघुरणारं मांजर कळवळतानाही घुरघुरतं, आणि ‘घुरघुरतेय म्हणजे बरी आहे’ या समजुतीपायी डॉक्टरकडे जायला उशीर होतो.

भेटायला जाताना हातात काय न्यावं? शहाळं नको, डबा न्या. त्या घरात मांजराला सिरिंजने भरवून झाल्यावर माणसांनी पोळी-भाजी केलेली असतेच असं नाही. फुलांचा गुच्छ मात्र नेऊ नका. गुच्छात लिली असण्याची शक्यता मोठी, आणि खरी लिली मांजराला जीवघेणी आहे. पान, पाकळी, केसांवर पडलेला परागसुद्धा चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अंगारा, कुंकू, तेल यांचंही तसंच. मांजराच्या अंगाला जे लावाल ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात जातं, कारण दिवसाचा बराच वेळ ते स्वतःला चाटण्यात घालवतं. अंगारा लावायचाच तर मांजराच्या माणसाच्या कपाळाला लावावा. कापूर आणि सुगंधी तेलं मांजराला बाधतात, आणि दम्याच्या मांजराजवळ धूप-उदबत्तीचा धूर नकोच.

याहून जपायचं ते सल्ल्यांपासून. आपल्याकडे लंघनाला औषध मानतात. पोट बिघडलं की एक दिवस उपाशी राहा. मांजराला हे चालत नाही. दोन-तीन दिवस अन्न गेलं नाही, आणि त्यातून मांजर जाडं असेल, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ आजाराहून हे नवंच दुखणं जिवावर बेतू शकतं. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणं तर सरळ विष देणं आहे. हे औषध निकामी करायला माणसाच्या यकृतात जी यंत्रणा आहे ती मांजराकडे फारच तोकडी असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. वर मांजराचं नेहमीचं तापमान १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यामुळे हाताला गरम लागलेलं मांजर तापलेलंच असेल असंही नाही. तेव्हा ‘आमच्याकडे हे दिलं आणि बरं झालं’ असं म्हणायच्या आधी थोडं थांबावं.

माहिती शिळी असली तरी तीही इजा करते. मांजरांच्या एका कोरोना विषाणूच्या बदललेल्या रूपामुळे होणारा एफआयपी हा आजार घ्या. पोटात किंवा छातीत पाणी साचतं, किंवा डोळे आणि मेंदूवर परिणाम होतो. लहान वयाच्या मांजरांना तो जास्त होतो. कित्येक दशकं त्याचं निदान म्हणजे मृत्यूची तारीख होती आणि चांगले डॉक्टरही ‘मनाची तयारी ठेवा’ इतकंच म्हणू शकत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथले नील्स पेडरसन आयुष्यभर या आजाराच्या मागे होते. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने जीएस-४४१५२४ या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेल्या ३१ मांजरांपैकी २६ जणांनी किमान १२ आठवड्यांचा उपचार पुरा केला. काहींना पुन्हा औषध द्यावं लागलं, पण त्यांतली जवळजवळ सगळी दीर्घकाळ जगली. हे औषध म्हणजे कोविडच्या काळात घरोघरी नाव पोचलेल्या रेमडेसिव्हिरचाच शरीरात तयार होणारा भाऊबंद. परवाना नसल्याने जगभर मांजरवाले ते आडमार्गाने मिळवत राहिले. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये पशुवैद्यांमार्फत ते रीतसर मिळू लागलं. सायप्रसमध्ये २०२३ साली मांजरांत मोठी साथ आली, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. ज्याच्या मांजराला आज एफआयपी निघाला त्याला ‘यावर काही इलाज नाही हो’ असं हळहळून सांगणारा माणूस दिलासा देत नाही, दिशाभूल करतो. ‘या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारलंत का?’ हा प्रश्न त्या घरात कुठल्याही सहानुभूतीपेक्षा मोलाचा आहे.

बरा डॉक्टर शोधून देणं हाही धीरच. मुंबईला परळमध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय १८८३ पासूनचं, शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी दवाखान्यात मुख्य रुग्ण गाय, म्हैस आणि शेळी; मांजराची बारीक शीर हेरून सलाईन लावणारा हात शोधावा लागतो. पैशाचाही प्रश्न असतो, आणि माणसं तो बोलत नाहीत. जवळचं नातं असेल तर न विचारता पाकीट ठेवावं. परत घ्यायच्या बोलीवर नको.

मांजर दवाखान्यात ठेवलं असेल तर घरच्यांना भेटायला जायला सांगा. ‘तिला काय कळतंय’ हे खरं नाही. जपानमध्ये अत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी २०१३ मध्ये मांजरांना परक्यांचे आणि मालकाचे आवाज ऐकवून पाहिले. मालकाच्या आवाजाला ती कान आणि डोकं हलवून वेगळी दाद देत होती. उठून जवळ येत नव्हती, हे मांजराच्या स्वभावाला धरूनच झालं.

आता प्रार्थना. या विषयावर विज्ञानाचं म्हणणं काय, हे विचारायचंच असेल तर एक मोठा प्रयोग आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा अमेरिकी रुग्णालयांतल्या बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. एका गटासाठी प्रार्थना झाली पण त्यांना नक्की सांगितलं नव्हतं. दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्यासाठी झाली आणि त्यांना तसं सांगितलंही होतं. पहिल्या दोन गटांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं, ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ठाऊक असलेल्यांत ५९ टक्के. कदाचित ‘इतकी वाईट अवस्था आहे का माझी?’ या धास्तीने असेल. मांजराला अशी बातमी पोचवायची सोय नाही, त्यामुळे तो धोका इथे नाही. औषध म्हणून प्रार्थना सिद्ध झालेली नाही, हे सरळ मान्य करावं आणि पुढे जावं. प्रार्थना करणारी माणसं तरी ती कुठे गोळीच्या जागी देतात? शहाणी माणसं दोन्ही करतात.

आणि हे करणारे एकटे नाहीत. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणानिमित्त जगभर कितीतरी चर्चमध्ये प्राण्यांना आशीर्वाद मिळतो. प्रेषित मुहम्मदांच्या एका सहकाऱ्याला मांजराच्या पिलापायी अबू हुरैरा हे नाव पडलं, आणि मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची कथा मुसलमान घरांत मुलांना सांगतात. जपानमध्ये कागोशिमाला मांजरांचं एक छोटं देऊळ आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी कोरियाच्या मोहिमेवर बुबुळांवरून वेळ पाहायला नेलेल्या सात मांजरांपैकी जी दोन परत आली, त्यांच्यासाठी ते उभारलं. आपल्याकडे एकनाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रामेश्वराला वाहायला आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. त्या गोष्टीत एकनाथ गाढवासाठी मंत्र म्हणत बसले असं कुणी सांगत नाही.

कुणासाठी प्रार्थना करायची तर ती त्या शिळेच्या वळणाने केलेली मला आवडते. ‘सगळं ठीक होवो’ हे फार मोघम. तिच्या नाकाला वास येवो, म्हणजे तिला खावंसं वाटेल. तिच्या पोटात दोन घास टिकोत. मूत्रपिंडांना बळ मिळो. सुई टोचणारा हात आज थरथरू नये. आणि तिच्याजवळ जागणाऱ्या बाईला सलग तीन तास झोप मिळो. असं काही लिहून पाठवलं तर वाचणाऱ्याला दिसतं, की पाठवणाऱ्याने खरोखर त्या खोलीत डोकावून पाहिलं आहे. नास्तिक मित्रालाही हे पाठवता येतं. फक्त शेवटचं वाक्य आपण होऊन पुरं करावं, म्हणजे ‘आज रात्री मी येतो, तू झोप’ असं म्हणावं.

काही आजारांत शेवट दिसू लागतो. तेव्हा घरात एक प्रश्न घुटमळत असतो आणि कुणी तो उच्चारत नाही. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक तक्ता केला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहणं योग्य. आकड्याने निर्णय होत नाही, पण बोलणं सुरू होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज चांगला दिवस, वाईट दिवस अशी खूण करणं त्याहून सोपं. मित्राने फक्त बसून ऐकावं. ‘आता सोडव तिला’ किंवा ‘एवढ्यात हार मानू नकोस’, यातलं काहीही आपण बोलायचं नाही. हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ठरवायचं. घरात लहान मूल असेल तर त्याला ‘मनीला झोपवलं’ असं सांगू नका. ते मूल पुढचे कित्येक दिवस झोपायला घाबरेल. ‘मनी मेली’ हे त्याला कळतं. पुढची व्यवस्थाही कुणीतरी शांतपणे चौकशी करून ठेवलेली बरी. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, इतर शहरांत आधी विचारून घ्यावं.

एक गोष्ट मात्र आजच करून ठेवा, तुमच्या घरी मांजर नसलं तरी. रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर मोबाइलमध्ये घाला. बोका लिटरच्या पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसत असेल, जोर करून ओरडत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. ‘बद्धकोष्ठ झालं असेल, सकाळी पाहू’ असं त्या घरी कुणीतरी म्हणत असतं. त्या वेळी धीराचं वाक्य शोधत बसू नका. पिंजरा घ्या, रिक्षा थांबवा, आणि प्रार्थना करायची ती रिक्षात करा.